उलटं बोलणारं पान

रविवारची जेवणं आटोपून ताटं उचलली जात होती, तोवर उस्मानचाचांनी टेबल पुसून घेतलं आणि हाळी दिली, "चला रे, कुठं गेले सगळे? पानं आली!"

उस्मान शिकलगार खोतांचे शेजारी. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर रविवार त्यांना खायला उठायचा. आता मात्र ते रविवारचीच वाट बघत. खोतांच्या घरात माणसं तीन. हेमांगी कराडात ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. तिचा नवरा निरंजन बँकेत होता, पण घरातलं स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात. आणि तिसरी निरंजनची धाकटी बहीण वृषाली.

वृषाली पुण्याच्या एका प्रयोगशाळेत जीवाणूंवर संशोधन करायची. प्रकल्प बंद पडला म्हणून उन्हाळ्यात दोन बॅगा घेऊन आली आणि राहिलीच. काय झालं विचारलं की "जाऊ दे ना वहिनी" एवढंच. खोलीबाहेर यायची ती जेवायला, आणि तेही ताटात चिवडाचिवड करून उठून जायला. तिला पुन्हा चारचौघांत आणून बसवलं ते 'छडा'नं.

'छडा' हा पत्त्यांचा खेळ, पण एकमेकांवर कुरघोडी करायचा नव्हे. इथं चौघंही एका बाजूला आणि समोर एक न उलगडलेली साथ. राज्यात कुठंही साथ आली की माहितीचा डोंगर जमतो. कोण आजारी पडलं, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, हवा कशी होती. यंत्रं तो डोंगर चाळतात. पण पुरावे तुटपुंजे आणि एकमेकांशी भांडणारे असले की अडून बसतात. नेमक्या त्याच जागी चार माणसं एका टेबलाशी हमरीतुमरीवर आली, तर कितीदा तरी वाट सापडते, असं प्रयोगांतून दिसलं होतं. म्हणून साथरोग केंद्रानं खऱ्या साथींचे डाव बनवले. गावाचं नाव काढायचं, माणसांची नावं काढायची, आणि प्रत्येक साक्षीदाराचं, प्रत्येक तपासणीचं एक पान करायचं. पानं दिसायला कागदाची, पण त्यांच्यावरची अक्षरं बदलणारी. पानाला प्रश्न विचारला की ते उत्तर दाखवी, आणि गटाजवळची एक 'घटका' खर्ची पडे. घटका मोजक्याच. त्या संपायच्या आत साथीचं मूळ सांगायचं. त्याला म्हणायचे ठपका. ठपका एकदाच ठेवता येई, आणि त्यावर चौघांचेही अंगठे लागत.

बहुतेक डाव जुन्या, सुटलेल्या साथींचे असत. अधूनमधून एखादा मात्र जिवंत असे, म्हणजे साथ आत्ता या क्षणी कुठल्यातरी गावात चालू. कुठला डाव जिवंत, हे कुणालाच कळू देत नसत. सांगितलं तर माणसं बिचकतात. जुना आहे म्हटलं तर हलगर्जी करतात. चुकीचा ठपका ठेवणारा गट वर्षभर खेळाबाहेर.

खोतांच्या गटाचा अजून एकही ठपका चुकला नव्हता. वृषालीमुळेच. पान हातात आलं की तिचे डोळे असे लकाकायचे की हेमांगीला वाटायचं, ही पोरगी परत आली.

आजचा डाव एका थंड डोंगरी गावाचा होता. डिसेंबर महिना, गॅस्ट्रोची साथ, दवाखान्यात खाटा पुरेनाशा झालेल्या. सगळ्यात जास्त आजारी एका वसतिगृहातली मुलं.

"खानावळच," निरंजन म्हणाला. "स्वयंपाकीणबाईंचं पान बघा. पहिले आजारी तिच्याच हातचं जेवलेले."

"पाण्याचं काय?" हेमांगीनं विचारलं.

उस्मानचाचांनी पान पुढे सरकवलं. "नळाच्या पाण्याचा नमुना स्वच्छ. शिक्कामोर्तब झालंय."

टेबलाच्या कडेला एक पट्टी चमकत होती. हाच डाव खेळणाऱ्या राज्यभरातल्या गटांचा कल त्यावर दिसे. बहुतेकांचं बोट खानावळीकडेच होतं.

"पण वसतिगृहाबाहेरचेही आजारी आहेत," हेमांगी म्हणाली. "ही दोन म्हातारी माणसं. हा चहावाला. हे कुठं गेले होते खानावळीत जेवायला?"

त्याच वेळी वृषालीनं गठ्ठ्यातून एक पान उचललं, बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि बाजूच्या डब्यात टाकलं.

"काय होतं?"

"पाण्याच्या टाकीवरची जाणपट्टी. बेभरवशाचं पान आहे. ठेवण्यात अर्थ नाही."

हेमांगीला आठवलं, हे पान याआधीही एक-दोन डावांत आलं होतं, आणि प्रत्येक वेळी वृषालीनं ते असंच आल्याआल्या फेकलं होतं. तिनं डब्यातून ते काढलं. पानावर लिहिलं होतं, ही पट्टी पाणी दूषित असेल तर लाल होते, शुद्ध असेल तर हिरवी राहते. साथीच्या आधी घेतलेल्या दहा चाचण्यांत उत्तर सात वेळा चुकलं. खाली गेल्या पंधरवड्यातले रंग होते, काही लाल, काही हिरवे, काही अजून झाकलेले.

"वृषा, हे सात वेळा चुकलंय."

"तेच तर म्हणतेय मी."

"मग ते बेभरवशाचं कसं?" हेमांगी पुढे सरसावली. "बेभरवशाचं म्हणजे निम्म्या वेळा खरं, निम्म्या वेळा खोटं. नाणं उडवल्यासारखं. त्यातून काहीच कळत नाही. पण दहात सात वेळा चुकायचं म्हणजे काहीतरी धरून चुकणं झालं. माझ्याकडे ते बर्गेसर यायचे शिकायला, आठवतात? डावीकडे म्हटलं की हमखास उजवीकडे वळवायचे. पहिल्या दिवशी माझा जीव जायची वेळ आली. मग मी उलटंच सांगायला लागले. 'सर, डावीकडे घ्या' म्हटलं की गाडी बरोबर उजवीकडे. उलटं वागणारा परवडतो, वृषा. कधी उलटं, कधी सुलटं करतो ना, तो जीव घेतो."

उस्मानचाचा खो खो हसले. "म्हणजे पान लाल म्हणालं की हिरवं समजायचं?"

"आणि हिरवं म्हणालं की लाल!"

"वहिनी, हे ड्रायव्हिंग स्कूल नाहीये," वृषाली एकदम तुटकपणे म्हणाली. "उपकरण का चुकतं ते माहीत नसताना त्याचं उत्तर उलटं करून वापरायचं नसतं. वाईट उपकरण फेकून द्यायचं असतं. संपलं." ती उठली आणि जिना चढून गच्चीवर निघून गेली.

निरंजन म्हणाला, "चहा टाकतो मी," आणि आत सटकला.

हेमांगी जिन्यापाशी घुटमळली. मोठ्या मिनतवारीनं माणसांत आलेली पोर. आपण एका पत्त्यापायी तिला पुन्हा खोलीत ढकलणार की काय? गप्प बसावं, खानावळीवर अंगठा द्यावा, डाव जुनाच असेल बहुतेक. पण तो चहावाला आणि ती दोन म्हातारी माणसं तिच्या डोक्यातून जाईनात. आणि डाव जिवंत असला तर? खानावळ बंद होईल, एका बाईच्या कपाळी डाग बसेल, आणि पोरं तेच पाणी पीत राहतील.

ती वर गेली.

वृषाली कठड्याला टेकून उभी होती. हेमांगी काही बोलायच्या आत म्हणाली, "ती पट्टी मी केलीय, वहिनी."

"काय?"

"आमच्या गटानं. पण कल्पना माझी." ती खाली बघत बोलत होती. "एका पातळ पापुद्र्यात आम्ही निरुपद्रवी जीवाणू जिवंत ठेवले. त्यांची जनुकं अशी बदलली, की मैल्यातल्या जंतूंची चाहूल लागली की ते उजळतात. वर एक छोटा डोळा बसवलेला. उजेड दिसला की लाल, नाही दिसला की हिरवं. नमुना घ्या, शहरात पाठवा, उत्तराची वाट बघा, काही नको. तासाभरात गावाला कळणार, पाणी प्यावं की नाही. प्रयोगशाळेत एकदाही चुकली नाही ती. गावोगाव बसवली. काही ठिकाणी छान चालली आणि काही ठिकाणी..." तिनं हात उडवला. "खोटारडी पट्टी म्हणायचे सगळे. माझ्या तोंडावर. प्रकल्प गुंडाळला."

हेमांगी तिच्या शेजारी कठड्याला टेकली. मग म्हणाली, "मला सांगायचंस गं."

"कशाला? तुम्ही सगळ्यांनी लगेच माझी बाजू घेतली असतीत. आणि मी त्या पानावर विश्वास ठेवला असता, कारण मला ते खरं ठरायला हवंय. अशा माणसानं निवाडा करायचा नसतो, वहिनी. म्हणून मी ते पान दिसलं की फेकते."

"मग तू नको करूस निवाडा," हेमांगी म्हणाली. "आम्ही करतो. आम्हाला ते पान खरं ठरलं काय, खोटं ठरलं काय, सारखंच. तू फक्त आम्ही विचारू त्याची उत्तरं दे. साक्षीदार म्हणून. चल खाली."

वृषाली डोळे पुसून जिन्याकडे वळली.

खाली स्वयंपाकघरात निरंजन एका वाडग्यात डोकावून कुरकुरत होता. "सकाळी विरजण लावलं, अजून दूधच आहे! उन्हाळ्यात एव्हाना घट्ट दही झालं असतं."

"विरजण खराब असेल," हेमांगी म्हणाली.

"विरजणाला काही झालेलं नाही. थंडीत ते सावकाश चालतं, एवढंच. उद्या लागलेलं असेल बघ."

वृषालीची पावलं थबकली.

"दादा, काय म्हणालास?"

"उद्या लागेल म्हटलं."

"उद्या," वृषाली पुटपुटली. तिनं वाडगा हातात घेतला, कलता करून बघितला. "जिवंत आहेत, काम करताहेत, पण उद्या..." आणि वाडगा तसाच ओट्यावर ठेवून ती बाहेर धावली. "चाचा! चाचा, ते पान कुठंय?"

उस्मानचाचा पानच न्याहाळत बसले होते. "इथंच आहे. मी एक घटका खर्चली, रागावू नका. त्या दहा चाचण्या कशा घेतल्या ते मागवलं. हे बघ पोरी. चाचण्या घेणारा तपासनीस एखाद्या दिवशी पाण्यात मुद्दाम मैल्यासारखी चाहूल देणारं निरुपद्रवी औषध टाकायचा, म्हणजे पट्टी लाल व्हायला पाहिजे. एखाद्या दिवशी टाकायचा नाही, म्हणजे हिरवी राहायला पाहिजे. बहुतेक दिवसाआड टाकलंय. आणि मला एक गंमत दिसली. जे तीन दिवस हे पान खरं बोललं ना, त्या तिन्ही वेळा त्यानं आदल्या दिवशीसारखंच केलं होतं. सलग दोन दिवस औषध टाकलं, नाहीतर सलग दोन दिवस टाकलं नाही. तेवढ्याच वेळा पान बरोबर!"

"बरोबर नाही, चाचा!" वृषालीचा आवाज चढला होता. "ते आजचं बोलतच नाहीये. ते कालचं बोलतंय! दिवसाआड औषध असलं की कालचं उत्तर आजच्या उलटं येणार. म्हणून उलटं वाटलं. सलग दोन दिवस सारखे असले की कालचं आणि आजचं एकच. म्हणून बरोबर वाटलं!"

"थोडक्यात, गाडी रद्द नाही," उस्मानचाचा हळूच म्हणाले. "लेट आहे."

"पण प्रयोगशाळेत तासात लाल होत होती म्हणालीस," हेमांगीनं टोकलं. आपण उलटतपासणी करायचं कबूल केलंय, हे तिच्या लक्षात होतं. "थंडीत तपासली नव्हतीत?"

"तपासली होती. थंडीत थोडा उशीर व्हायचा, फार नाही." वृषाली येरझाऱ्या घालायला लागली. "वर्षभर पाण्यात राहिलेली, शेवाळ धरलेली पट्टीही तपासली होती. तिलाही थोडाच उशीर. पण..." ती थांबली. "शेवाळ धरलेली पट्टी थंड पाण्यात कधीच तपासली नाही आम्ही. दोन्ही एकत्र. शेवाळाच्या थरातून जंतूंची चाहूल आत झिरपायला वेळ, आणि थंडीनं आतले जीवाणू सुस्तावलेले. एकाच्या उशिरावर दुसऱ्याचा उशीर. म्हणजे ज्या गावांत चालली ती सगळी..."

"खालची, उबदार गावं," निरंजननं वाक्य पुरं केलं. चहा त्याच्या हातातच राहिला होता.

हेमांगीनं पान जवळ ओढलं. पण तिनं स्वतःला आवरलं. "थांबा. आत्ता आपल्या सगळ्यांनाच हे खरं ठरायला हवंय. पानाला असं काहीतरी विचारू या, की चूक असेल तर उघडं पडेल. पंधरवड्यातले रंग लावा बघू समोर."

लाल दिवस समोर आले. त्या-त्या दिवशी टाकीत धरणाचं पाणी होतं, तेच, ज्याचा नमुना स्वच्छ निघाला होता. हेमांगीनं प्रत्येक लाल खूण एक दिवस मागे सरकवली. उस्मानचाचांनी पाणीपुरवठ्याचं पान शेजारी लावलं आणि त्यांच्या तोंडून नुसता उसासा निघाला. मागे सरकलेली प्रत्येक लाल खूण अशा दिवशी पडत होती, जेव्हा वीज नसल्यानं धरणावरचे पंप बंद होते आणि गावाला राखीव विहिरीचं पाणी सोडलं होतं.

"नमुना घेतला तो धरणाच्या पाण्याचा!" निरंजन ओरडला. "विहीर कुणी तपासलीच नाही."

"अजून नाही," हेमांगी म्हणाली. "गेल्या गुरुवारी पंप बंद होते. पट्टीचं गुरुवारचं उत्तर आणि शुक्रवारचं उत्तर, दोन्ही अजून झाकलेली आहेत. आधी सांगा, काय निघेल?"

"गुरुवारी विहिरीचं घाण पाणी, तरी हिरवं," वृषाली म्हणाली. "शुक्रवारी धरणाचं स्वच्छ पाणी, तरी लाल."

"आणि तसं नाही निघालं तर?"

"तर पान डब्यात. आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

दोनच घटका उरल्या होत्या. हेमांगीनं पहिली ठेवली. गुरुवारचा चौकोन उजळला. हिरवा.

तिनं शेवटची घटका ठेवली. शुक्रवारचा चौकोन क्षणभर कोराच राहिला, आणि मग लालभडक झाला.

उस्मानचाचांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा बशीत सांडला. निरंजननं बहिणीला खांद्यांना धरून गदागदा हलवलं. वृषाली हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं.

"ठपका," हेमांगी म्हणाली. "राखीव विहीर. अंगठे!"

तीन अंगठे पडले. वृषालीचा हात हवेतच अडला. तिनं कडेच्या पट्टीकडे बघितलं. राज्यभरातले बहुतेक गट अजून खानावळीवरच बोट ठेवून होते. "सगळे चुकतात आणि आपण चौघंच बरोबर?"

"कल बघून गाडी चालवायची नसते, रस्ता बघून चालवायची असते," हेमांगी म्हणाली. "ठेव अंगठा."

वृषालीनं अंगठा ठेवला.

जुन्या डावात निकाल ताबडतोब येई. पानं हिरवी झाली की जिंकलात, काळी झाली की गेलात. इथं काहीच झालं नाही. मग एकेक करून सगळ्या पानांवरची अक्षरं विरघळली आणि प्रत्येक पानावर एकच शब्द उमटला, "थांबा".

"बिघडलं काय?" निरंजननं विचारलं.

हेमांगी खुर्चीवरून उभी राहिली. "बिघडलं नाही. निकाल यायला निकाल ठरलेला पाहिजे ना! अजून कुणालाच माहीत नाही उत्तर. डाव जिवंत आहे."

कुठंतरी, नाव माहीत नसलेल्या एका गावात, या क्षणी माणसं विहिरीकडे निघाली असणार होती. चौघंही टेबलाभोवती उभीच राहिली. बसवेना. उस्मानचाचा मनातल्या मनात दुआ पुटपुटत होते. निरंजननं कुणी न मागता भजी तळली आणि ती कुणी खाल्ली नाहीत. वृषाली मधूनच म्हणे, "विहिरीला सांडपाण्याची वाट सापडली असेल, नवीन बांधकाम असेल जवळ," आणि मधूनच, "आणि चुकलो असलो तर?"

दिवेलागणीच्या सुमाराला पानं उजळली. एकदम, सगळी.

"राखीव विहिरीचं पाणी दूषित. शेजारच्या मैलाटाकीला भेग. विहीर बंद केली. आज पंप पुन्हा बंद झाले होते. संध्याकाळचं पाणी सोडायच्या आत थांबवलं."

निरंजननं ते मोठ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याला शेवटपर्यंत पोचता आलं नाही, कारण उस्मानचाचांनी त्याला मिठी मारली होती.

त्या गलक्यातच हेमांगीचा फोन वाजला. पलीकडे साथरोग केंद्राच्या डॉक्टर तेजल सबनीस होत्या. आधी त्यांनी गटाचं भरभरून कौतुक केलं, मग घाईनं म्हणाल्या, "मॅडम, एक अडचण आहे. तुम्ही एक दिवस मागे सरकवून वाचलीत, ती पट्टी आणखी बऱ्याच थंड गावांत बसवलेली आहे. बेभरवशाची म्हणून सगळीकडे तिचे आकडे नुसते पडून आहेत. ते आता कसे वाचायचे, किती मागे सरकवायचे, हे आम्हाला कळत नाहीये. पट्टी करणारा गट पांगलाय, कुणाचा पत्ता लागत नाही. तुमच्यापैकी कुणाला त्यातलं काही माहीत आहे का?"

'हो, माझी नणंद' हे शब्द हेमांगीच्या जिभेवर आले होते. ते तिनं गिळले. फोन कानापासून काढला, वृषालीसमोर धरला आणि नुसती उभी राहिली. देणं तिच्या हातात होतं, घेणं वृषालीच्या.

वृषालीनं फोनकडे बघितलं, मग भावाकडे. तिनं ओढणीला हात पुसले.

"नमस्कार डॉक्टर. मी वृषाली खोत. ती पट्टी माझी आहे." "उशीर सगळीकडे सारखा नसणार. पाणी जितकं थंड आणि पट्टी जितकी जुनी, तितका जास्त. मला प्रत्येक गावाच्या पाण्याचं तापमान पाठवा. आणि पट्टी कधी बसवली त्या तारखा. हो, आत्ता. मी बसलेय."

बोलता बोलता तिनं कोपरानं टेबलावरची पानं बाजूला सारली. निरंजन आतून तिचा लॅपटॉप घेऊन आला, त्यावरची धूळ शर्टानं पुसत. उस्मानचाचांनी आवाज न करता पानं गोळा केली, हेमांगीनं दिवा लावला. कुणी हाक मारली असती तरी वृषालीला ऐकू गेली नसती. पडद्यावर एकेका गावाचे रंग उमटायला लागले होते आणि वृषाली फोनवर जवळजवळ ओरडत होती,

"नाही, नाही डॉक्टर, आजचं सोडा! कालचं पाणी बघा. कालचं!"